खालचा गाळा

आमच्या बिल्डिंगला बारा मजले आहेत आणि मी त्या बाराच्याही खाली बसते. "बाई, तुमचं दुकान कुठं हाय?" असं कोणी फोनवर विचारलं की मी सांगते, "बस स्टँडच्या रोडले या, सगळ्यात उंच बिल्डिंग दिसल, तिच्यात खाली या." हे 'खाली' म्हणताना मला अजून हसू येतं. या एका शब्दापायी मी रडले, भांडले, एका बिचाऱ्याला भर रस्त्यात नाही नाही ते बोलले. आणि आता रोज सकाळी कुलूप उघडताना मी हात जोडते तेही याच शब्दामुळे.

शाळेत बाईंनी 'मला', 'तुला' लिहायला शिकवलं म्हणून लिहिताना मी तसं लिहिते. तोंडात मात्र मलेच येतं. या वयात ते काही बदलायचं नाही, आणि काऊन बदलायचं?

मी ब्लाऊज शिवते. साडीला फॉल लावते, पिको करते. जुनं दुकान म्हणजे टिनाचा खोका होता. बस स्टँडच्या रोडला तशा खोक्यांची ओळच होती: चपला, घड्याळं, चहा, मग माझी मैत्रीण बांगडीवाली आणि शेवटी कडेला मी. माझ्या दारात निंबाचं झाड. पाटी कधी लावलीच नाही, तिची गरजच पडली नाही. देवळीहून, सेलूहून बाया यायच्या, बसमधून उतरून कोणालाही विचारायच्या, "निंबाखालची बाई कुठं बसते?" आणि कोणीही दाखवायचं. माझा फोन नंबरसुद्धा फार जणींकडे नव्हता. निंब काही जागचा हलत नाही, मग नंबर घेऊन काय करायचं?

पण निंब हलला. मालकानं जागा विकली आणि बिल्डर आला. त्यानं आम्हा ओळीतल्या सगळ्यांना बसवून सांगितलं की घाबरू नका, इथं मोठी बिल्डिंग होईल, खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट, आणि तुम्हाला प्रत्येकाला त्यात गाळा मिळेल. माझा काडीचा विश्वास बसला नाही. असं सांगणारे फार पाहिले. पण माणूस शब्दाचा निघाला, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्याच्या नावानं बरीच बोटं मोडली आहेत.

गाळे वाटायची वेळ आली तेव्हा त्याचा इंजिनिअर एकेकाला आत बोलवत होता. पुण्याला शिकून आलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड. मी आणि आमचे हे आत गेलो. टेबलावर नकाशा पसरलेला, त्यात नुसत्या चौकटीच चौकटी.

"काकू, अप्पर हवा की लोअर?"

"मराठीत सांग बाबा."

"म्हणजे वरचा हवा की खालचा?"

आता आमच्या लेखी वरचा म्हणजे जिना चढून जायचा तो. माझ्या डोळ्यांसमोर माझी गिऱ्हाइकं आली. कोणाचं पोट आलेलं, कोणाचे गुडघे गेलेले, कोणाच्या हातात बाजाराच्या दोन-दोन पिशव्या. या बाया एका ब्लाऊजसाठी जिना चढतील? मी ठासून सांगितलं, "मले वरचा नको. खालचाच दे."

"खालचा? नक्की काकू? बाकी सगळे वरचा मागतायत."

"मागू दे. त्यायचे गुडघे चांगले असतील."

"बघा हं."

"किती वेळा सांगू रे बाप्पा? खालचा म्हणजे खालचा!"

आमच्या ह्यांनी मान हलवली. ते हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर यंत्रांच्या गोंगाटात राहिलेले, त्यामुळे घरी फारसं बोलत नाहीत. बाहेर आल्यावर बांगडीवालीला विचारलं तर ती म्हणाली, तिनं वरचा घेतला. मी तिला हसले. "तुले स्टँडची पायरी चढवत नाई, आन् वरचा कायले घेतला वं?" ती म्हणाली, "तो पोट्टा म्हणे वरचा चांगला, घेतला मंग." मला तिची खरंच दया आली.

बिल्डिंग उभी राहीपर्यंत मी घरीच पुढच्या खोलीत शिवत होते. पण दर दोन-चार दिवसांनी काही ना काही निमित्त काढून त्या रोडनं जायचे. वर्ध्यात मान वर करून पाहायची सवय कोणाला होती? पाण्याच्या टाकीपलीकडे उंच असं काही नव्हतंच. आता हिरवी जाळी लावलेले मजले एकावर एक चढायला लागले. तिच्या बाजूला दुसरी, समोर तिसरी. जिथं चपलांचे खोके होते तिथं काचा लागल्या. घरी येऊन मी सांगायचे, "आज माह्या बिल्डिंगचा पाचवा स्लॅब पडला." आमचे हे म्हणायचे, "तिच्यात तुहा एक गाळा हाय." मी म्हणायचे, "असू दे, पण बिल्डिंग त्याच्यावरच उभी हाय ना?"

निंब तोडला त्या दिवशी मात्र मी तिकडं गेले नाही.

ताबा मिळाला तो दिवाळीनंतर. नारळ घेतला, मशीन हातगाडीवर चढवलं आणि थाटात निघालो. इंजिनिअर पुढं, मी मागं. रोडला लागून काचेचे गाळे, स्वच्छ, लखलखीत. पहिल्यात बांगडीवाली बसलेली. मी म्हटलं, आता माझा येईल. इंजिनिअर सगळे गाळे ओलांडून कोपऱ्यात गेला आणि पायऱ्या उतरायला लागला.

"अरे, इकडं कुठं?"

"तुमच्या गाळ्याकडे, काकू."

"हे तर तळघर हाय!"

"लोअर ग्राउंड. खालचा. तुम्हीच म्हणालात ना?" त्याचा चेहरा पडला होता. "मी तीनदा विचारलं तुम्हाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोडला लागून असलेल्या गाळ्याला कोणी 'वरचा' म्हणतं का? जगात कुठल्या गावात म्हणतात? मी त्याला, त्याच्या नकाशाला, पुण्याच्या कॉलेजला, कोणालाच सोडलं नाही. बांगडीवाली रोडवरून वाकून पाहत होती. "काय वं, मी वर हाय," ती म्हणाली आणि तोंडाला पदर लावून हसली. आमचे हे म्हणाले, "असू दे." मी म्हटलं, "असू दे म्हणजे?"

बिल्डर स्वतः आला. म्हणाला, "ताई, वरचे सगळे गेले. आता बदलून देता येत नाई. पण जमतच नसेल तर हा गाळा मी वापस घेतो, मेडिकलवाल्याले गोदाम पाहिजे हाय. अखजीपर्यंत पाहून घ्या, मंग सांगा." अखजी म्हणजे अक्षय तृतीया. म्हणजे हिवाळा आणि अर्धा उन्हाळा माझ्या हातात होता.

बोलायला सोपं होतं ते. पण गाळा परत दिला असता तर या रोडवर पुन्हा दुकान मिळणं या जन्मात शक्य नव्हतं. मशीन घरी आणि मीही घरी. कोणी म्हणेल, मग बिघडलं कुठं, वय झालं, आराम करा. पण घरात मी कोणाची आई, कोणाची बायको, कोणाची सासू. दुकानात मी निंबाखालची बाई होते. माझ्या हातचा गळा बसला नाही तर नवरी मांडवात रुसायची. ते सगळं सोडून घरी भाजी निवडत बसायचं? ते माझ्यानं होणार नव्हतं.

आणि तो हिवाळा मी नुसत्या माशा मारल्या. गिऱ्हाईक फिरकेना. वर रोडला ही गर्दी! दुसऱ्या मजल्यावर कोचिंग क्लास, तिसऱ्यावर दातांचा डॉक्टर आणि बँकेचं ऑफिस, वर फ्लॅटमध्ये सामानाचे ट्रक उतरत होते. लिफ्टची घंटा दिवसभर वाजायची आणि माझ्याकडे एकही पाऊल वळायचं नाही. पाटीचं विचारलं तर बिल्डरची माणसं म्हणायची, खालच्या गाळ्यांची नावं एकाच बोर्डावर येतील, लागेल, लागेल. दुपारी आमचे हे डबा घेऊन यायचे, स्टूलवर बसायचे आणि न बोलता परत जायचे. त्यांचं ते न बोलणं मला जास्त लागायचं.

त्यात उजेडाचं दुखणं. ट्यूबलाईटमध्ये रंग खोटं बोलतात. घरी ओळखीच्या एकीनं आणून दिलेल्या मरून साडीला मी चॉकलेटी फॉल लावला. दिवसाउजेडी तिनं साडी उलगडली आणि मला जे ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. तेव्हापासून मी नियमच केला. रीळ आणि साडी घेऊन पायऱ्या चढायच्या, वरच्या पायरीवर उन्हात उभं राहायचं, दोरा कपड्यावर धरायचा, पटला तरच खाली येऊन सुई ओवायची. काम थोडं होतं, पण त्या थोड्यासाठीही मी दिवसातून कितीदा वर-खाली करायचे. वरच्यांना वाटलं असेल, ही बाई वेडी झाली.

होळीनंतर एक दिवस पायऱ्यांवरून हाक आली, "हाय का कोणी?" पांढऱ्या केसांची, ताठ चालीची बाई. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर होऊन नवव्या माळ्यावर राहायला आल्या होत्या. अख्खी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणते.

"मी रोज गॅलरीतून पाहतो," त्या म्हणाल्या, "ही बाई उन्हात कापड धरून काय पाहून राह्यली? आज म्हटलं, जाऊनच पाहू."

मी सांगितलं. त्यांना इतकं आवडलं की दुसऱ्याच दिवशी त्या चौदा एप्रिलच्या जयंतीची पांढरी साडी घेऊन आल्या, निळ्या काठाची. फॉल-पिको आणि ब्लाऊज. आता पांढऱ्यात पांढरं जुळवणं हे सगळ्यात अवघड काम. एक पांढरा पिवळट असतो, एक निळसर, एक दुधाळ. आम्ही दोघी पायरीवर उभ्या राहून चार रिळं लावून पाहिली, तेव्हा एक पटलं. सिस्टर म्हणाल्या, "आमच्या दवाखान्यात इतकं पाहिलं असतं ना, तर बहुत माणसं वाचली असती." मी म्हटलं, "काहीही बोलता सिस्टर!" पण मनातून मी फुलून गेले.

साडी तयार झाली तेव्हा ती द्यायला मी नवव्या माळ्यावर गेले. त्याआधी मी लिफ्टमध्ये पायही ठेवला नव्हता. सिस्टरनं चहा केला आणि गॅलरीत नेलं. माय वं! अख्खा वर्धा पायाशी. बस स्टँड, रेल्वेचे रूळ, सेलूच्या अंगाला दूरवर निळ्या टेकड्या. डोकं गरगरलं, मी कठडा घट्ट धरला. खाली आमच्या पायऱ्या दिसत होत्या. गेटजवळ चौकीदार.

तेवढ्यात स्टँडकडून एक बाई आली. हातात हिरवी कापडी पिशवी. चालताना डावा खांदा थोडा उतरलेला. त्या खांद्यासाठी मी कित्येक वर्षं एक बाही वेगळी कापली आहे, नवव्या माळ्यावरूनच काय, विमानातूनही ओळखीन. देवळीची माझी जुनी गिऱ्हाईक! ती चौकीदाराशी काहीतरी बोलली. त्यानं हात हलवला. ती उभी राहिली, इकडंतिकडं पाहिलं आणि परत फिरली.

"अवं, ती काऊन चालली?" मी ओरडले. चहा तिथंच राहिला.

लिफ्ट प्रत्येक माळ्यावर थांबली. क्लासची पोरं चढली, दाताचा एक पेशंट गाल धरून चढला, मी आत नुसती तळमळत होते. खाली पोहोचले आणि पदर खोचून रोडवर पळाले. ती स्टँडच्या तोंडाशी सापडली. मला पाहून तिनं छातीला हात लावला.

"तुम्ही हाय? मले वाटलं तुम्ही गेल्या."

"कुठं गेली?"

"कुठं म्हणजे... गेल्या. स्टँडवर सांगतलं दुकान खाली हाय, आन् तो चौकीदार म्हणे, खाली नाई. मागं आली तेव्हाही तेच म्हणे. आमच्या गावच्या बायायलेही तेच सांगतलं."

मी तिचा हात धरून तिला ओढतच गेटवर आणलं. सिस्टरही मागून उतरल्या होत्या. चौकीदार बिहारचा, दिवाळीलाच आलेला, मोठ्या मिशांचा पोक्त माणूस. मी त्याच्यावर तुटूनच पडले. माझ्या पोटावर पाय का देतोस, मी तुझं काय वाकडं केलं, मेडिकलवाल्यानं शिकवलं का तुला! माणसं जमली. तो बिचारा कावराबावरा झाला.

"आंटीजी, मैंने क्या गलत बोला? सब आके पूछते हैं, खाली दुकान है क्या. मैं बोलता हूँ, खाली नहीं है, सब भर गया."

आता माझ्या ध्यानात आलं.

बाया विचारत होत्या, खाली, म्हणजे नीचे, दुकान आहे का. आणि हा समजत होता, रिकामं दुकान आहे का. भाड्यानं घ्यायला. आणि इमानदारीनं सांगत होता, नाही, एकही रिकामं नाही. अख्खा हिवाळा! इतक्या इमानानं कोणी कोणाचा धंदा बुडवला नसेल.

पहिल्यांदा सिस्टर हसल्या. मग देवळीची हसली. मी हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण त्याचा तो घाबरलेला चेहरा पाहून मलाही आवरेना. म्हटलं, "अरे बाबा, खाली मतलब नीचे!"

"तो खाली को मराठी में क्या बोलते हैं?"

"रिकामं. म्हणजे माहं दुकान, तुह्या मेहेरबानीनं!"

तो माणूस सोन्यासारखा, म्हणून सांगते. दुसऱ्या दिवसापासून पिशवी घेतलेली कोणतीही बाई दिसली की तो उठून उभा राहायचा आणि दोन्ही भाषांत ओरडायचा, "नीचे! खाली! नीचे खाली!" भाजी घेऊन फ्लॅटवर जाणाऱ्या बायांनाही त्यानं खाली पाठवलं. त्यातल्याही दोघी माप देऊन गेल्या.

आणि मग ऊन लागलं. वर्ध्याचं ऊन काय असतं ते वर्ध्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. वरचे गाळे पश्चिमेला तोंड करून, पूर्ण काच. दुपार झाली की आत बसवत नव्हतं. बांगडीवालीच्या काचेच्या बांगड्या इतक्या तापायच्या की हातात घालताना बाया ओरडायच्या. आणि माझा गाळा? तिन्ही बाजूंनी जमीन. आत शिरलं की माठाजवळ बसल्यासारखं वाटायचं. मी खरंच एक मोठा माठ आणून ठेवला, त्यात वाळा टाकला.

पहिली कोण आली असेल? बांगडीवाली. घाम पुसत पायऱ्या उतरली, माठातलं पाणी प्यायली आणि भिंतीला पाठ लावून म्हणाली, "चेटकीण हायस तू. तुले पहिलेच माहीत होतं."

मी म्हटलं, "मंग? तीनदा विचारलं होतं त्यानं मले."

मग बँकेतल्या मुली डबे घेऊन यायला लागल्या. क्लासच्या पोरांच्या आया क्लास सुटेपर्यंत बसायला लागल्या. बसल्या की गप्पा, आणि गप्पांत आठवायचं, अगं, माझ्या साडीला फॉल लावायचाय. जयंतीच्या आधी सिस्टरनं त्यांच्या ओळखीच्या सगळ्या जणींना आणलं. माझ्या पायऱ्यांवर पांढऱ्या साड्याच साड्या, प्रत्येकीच्या हातात एक रीळ, आणि सिस्टर सगळ्यांना रंग पाहायला शिकवत होत्या जणू आयुष्यभर त्यांनी तेच केलं. लग्नसराई आली तशी देवळी-सेलूच्या बाया परत आल्या. घरी कोणी विचारलं की बिल्डिंगमधल्या बाया सांगायच्या, "खाली जाऊन येतो." त्यांना माझंच दुकान म्हणायचं असायचं.

अखजीला सकाळी घरी घागर भरली, गेलेल्यांच्या नावानं पाणी सोडलं, आणि दुकानात आले. बिल्डर विचारायला येईल, मी नाही म्हणेन, हे ठरलेलंच होतं. तरी गोदामासाठी मेडिकलवाला मागं लागलाय, त्याच्यापुढं आपलं कोण ऐकतं, असं सारखं वाटत होतं. दुपारी गाळा गच्च भरला होता. पायऱ्यांवर चपलांचा ढीग. आमचे हे डबा घेऊन आले तर त्यांना स्टूलही मिळालं नाही, ते मशीनजवळ उभे राहिले.

वरून इंजिनिअरचा आवाज आला. त्याच्याबरोबर मेडिकलवाला असावा. इंजिनिअर चौकीदाराला विचारत होता, "वो खालचा गाळा आज खाली होणार है ना?"

माझा पाय मशीनवर थांबला.

आणि चौकीदार अगदी मोठ्यानं, सगळ्या रोडला ऐकू जाईल असा म्हणाला, "नहीं साब. खाली, खाली नहीं है."

आधी बांगडीवाली फुटली, मग सिस्टर, मग सगळा गाळा. बँकेच्या मुलींना काही कळलं नव्हतं तरी त्या हसत होत्या. आमचे हे हसले. त्यांना असं खळखळून हसताना मी कितीतरी वर्षांनी पाहिलं. मला हसता हसता रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. परक्या गावाहून आलेल्या त्या माणसानं, नवव्या माळ्यावरून उतरलेल्या बाईनं, रस्त्यावरून वाकून हसणाऱ्या मैत्रिणीनं मला पुन्हा दुकानावर बसवलं होतं. देवा, यांचं भलं कर, एवढंच माझ्या मनात आलं.

इंजिनिअर दोन पायऱ्या उतरला आणि तिथंच थांबला, पुढं पाय ठेवायला जागा नव्हती. "काकू," तो म्हणाला, "साहेबांना काय सांगू?"

"जे पहिल्या दिवशी सांगतलं होतं तेच सांग," मी म्हटलं. "मले वरचा नको. खालचाच दे."

या वेळी त्यानं परत विचारलं नाही. मेडिकलवाला वरूनच निघून गेला. मी उठले, माठातलं पाणी काढलं आणि गिलास हातोहात पुढं दिला. तो सगळ्या बायांच्या हातांतून फिरत पायऱ्यांपर्यंत इंजिनिअरकडे गेला. दुसरा भरला आणि आमच्या ह्यांना म्हटलं, हा वर चौकीदाराला देऊन या.